भुलीपूर्वीचे पोट : जठरातील आम्ल आणि शस्त्रक्रियेची सुरक्षितता

शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णाला रुग्णालयात विचारला जाणारा एक प्रश्न वरकरणी फार साधा असतो : "शेवटचे कधी खाल्ले आणि काय खाल्ले?" नातेवाइकांना तो केवळ नोंदीपुरता वाटतो. "सकाळपासून काहीच नाही," असे उत्तर देऊन ते मोकळे होतात. त्या उत्तरात पुष्कळदा एक कप चहा, अर्धी भाकरी किंवा पोराने हट्ट केला म्हणून दिलेली दोन बिस्किटे सांगावयाची राहून गेलेली असतात. फसविण्याचा हेतू त्यामागे क्वचितच असतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल, आणखी एका दिवसाची मजुरी बुडेल, गावाहून भाड्याने आणलेली गाडी परत पाठवावी लागेल, एवढीच भीती असते. तथापि या एका उत्तरावर रुग्णाचा जीव अवलंबून असू शकतो. तो कसा, आणि तो धोका कमी करण्यासाठी वैद्यकशास्त्राने कोणते उपाय योजले आहेत, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

सोलापूरच्या संदर्भात हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न असलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय येथे जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांतून रुग्ण येतात. शिवाय धाराशिव, कलबुर्गी आणि विजयपुरा या शेजारच्या जिल्ह्यांतूनही येतात. करमाळ्याहून निघालेल्या रुग्णाला शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागते. कोणी मराठी बोलतो, कोणी कन्नड, कोणी तेलुगू, तर कोणी दख्खनी. वाटेत कोणी पाणी पाजतो, कोणी चहा देतो. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी पोहोचेपर्यंत त्या पोटाचा इतिहास कोणालाच नीट ठाऊक नसतो.

ठसका : शरीराचा पहारेकरी

घशाच्या खालच्या बाजूस दोन वाटा फुटतात. मागची अन्ननलिका जठराकडे जाते, पुढची श्वासनलिका फुप्फुसांकडे. पाणी पिताना बोलू लागले तर ठसका लागतो, याचा अनुभव प्रत्येकाला आहे. चुकून पुढच्या वाटेला लागलेला थेंब बाहेर फेकून देणारा ठसका हा श्वासनलिकेचा पहारेकरीच होय. खाली अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्याशी स्नायूंचे एक कडे असते. ते आवळलेले राहिल्यामुळे जठरातील द्रव सहसा वर येत नाही.

संपूर्ण भूल दिली की रुग्णाची वेदना आणि जाणीव नाहीशी होते. त्याचबरोबर ठसक्याचा पहारेकरीही झोपी जातो आणि स्नायूंचे कडे सैल पडते. अशा वेळी पोट भरलेले असेल, तर जठरातील द्रव ओकारीवाचून, आवाजावाचून वर येतो आणि श्वासनलिकेत उतरतो. घन अन्नाचा तुकडा गेला तर श्वासमार्ग बंद होऊन रुग्ण गुदमरतो. द्रव गेला तर जे घडते ते अधिक कपटी असते, आणि त्याला कारण आहे जठरातील आम्ल.

निरोगी मनुष्याच्या जठरात दिवसभरात सुमारे दीड ते दोन लिटर जठररस स्रवतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. आम्लता मोजण्याच्या पीएच या मापावर शुद्ध पाणी ७ या अंकावर येते, तर जठररस १ ते २ च्या आसपास असतो. या मापावर एक अंक खाली येणे म्हणजे आम्लता दहापट होणे होय. जठराचे अस्तर स्वतःभोवती जाड श्लेष्म्याचा थर राखून या आम्लापासून आपला बचाव करते. फुप्फुसांना असे कवच नाही. तेथील कोट्यवधी वायुकोशांच्या भिंती इतक्या तलम असतात की त्यांतून प्राणवायू सहज रक्तात जातो. तीव्र आम्लाचा स्पर्श होताच या भिंती भाजून निघतात, त्यांतून रक्तद्रव पाझरू लागतो, श्वासनलिका आखडतात आणि प्राणवायूची देवाणघेवाण बिघडते. रुग्णाची शस्त्रक्रिया उत्तम पार पडलेली असते. परंतु त्याला श्वास घेता येत नाही.

एका शोधाची कथा

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी इथरची भूल देऊन दाखविली, आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासाचे नवे पान उघडले. पुढल्याच वर्षी जेम्स सिम्प्सन यांनी एडिंबरो येथे क्लोरोफॉर्म वापरात आणले. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म दिलेली पंधरा वर्षांची एक मुलगी दगावली. क्लोरोफॉर्मने तिचे हृदय थांबले, की शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात ओतलेले पाणी आणि ब्रँडी श्वासमार्गात गेली, यावर त्या काळी मोठा वाद झाला. भुलेतील मृत्यूंच्या अगदी पहिल्या चर्चेतच श्वासमार्गात गेलेल्या द्रवाचा संशय होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

हा वाद पुढे सोलापूरच्या उंबरठ्यापर्यंत आला. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या निजामाच्या राज्यात, हैदराबाद येथे एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग नेमले गेले. भूल देताना सारे लक्ष श्वासाकडे हवे, असा लॉरी यांचा आग्रह होता. हृदयाविषयीचे त्यांचे निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, परंतु श्वासावर नजर ठेवण्याची शिकवण टिकली. हैदराबादच्याच वैद्यकीय विद्यालयात शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या जगातील आरंभीच्या स्त्री-बधिरीकरणतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात.

तरीही जठरातील आम्ल हाच मुख्य अपराधी आहे, हे सिद्ध व्हावयास १९४६ साल उजाडले. न्यूयॉर्क येथील लाइंग-इन रुग्णालयातील कर्टिस मेंडेल्सन यांनी १९३२ ते १९४५ या काळातील ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ६६ स्त्रियांच्या श्वासमार्गात भुलीच्या वेळी जठरातील पदार्थ गेल्याचे त्यांना आढळले. दोघींचा मृत्यू झाला होता, आणि तो घन अन्नाने गुदमरून झाला होता. द्रव गेलेल्या स्त्रियांना मात्र काही तासांत दम्यासारखी धाप लागली होती. याचे कारण शोधण्यासाठी मेंडेल्सन यांनी सशांवर प्रयोग केले. काही सशांच्या फुप्फुसांत आम्लयुक्त जठरद्रव सोडला, काहींच्या फुप्फुसांत नुसते हायड्रोक्लोरिक आम्ल, तर काहींच्या फुप्फुसांत आम्लता मारलेला जठरद्रव. पहिल्या दोन गटांत फुप्फुसांची सारखीच हानी झाली. तिसऱ्या गटात ती तशी झाली नाही. द्रव तोच, फरक केवळ आम्लाचा. या विकाराला पुढे मेंडेल्सन यांचेच नाव मिळाले.

मेंडेल्सन यांनी निदानावर न थांबता उपायही सुचविले. प्रसूतीच्या वेळी अन्न देऊ नये, शक्य तेथे संपूर्ण भुलीऐवजी स्थानिक भूल वापरावी, आम्ल मारणारे औषध द्यावे, आणि प्रसूतिगृहात डोक्याकडून खाली झुकविता येणारे टेबल व घशातील द्रव ओढून घेणारे शोषण यंत्र सज्ज असावे. इतकी वर्षे लोटल्यावरही त्या यादीतील एकही बाब निरुपयोगी ठरलेली नाही.

हौद आणि नळ

आम्लाविरुद्धचे उपाय समजून घेण्यासाठी सोलापूरकरांना परिचित असलेले उदाहरण घेता येईल. घरी पाण्याचा हौद असतो आणि त्यावर नळ असतो. हौदात साचलेले पाणी ही एक गोष्ट आणि नळातून येणारे पाणी ही दुसरी. नळ बंद केल्याने हौद रिकामा होत नाही, आणि हौदातील पाण्यात काही मिसळल्याने नळ बंद होत नाही. जठराचेही तसेच आहे. म्हणून भुलीपूर्वीची औषधे तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार हौदात साचलेल्या आम्लाची तीव्रता मारणाऱ्या औषधांचा. इंग्लंडात प्रसूतिगृहांतून यासाठी मॅग्नेशियम ट्रायसिलिकेट हे पांढरे, दाट औषध वर्षानुवर्षे दिले जात होते. अनुभवांती असे दिसून आले की त्याने सर्व मृत्यू टळत नाहीत. इतकेच नव्हे, तर त्यातील न विरघळणारे कण फुप्फुसात गेले तर तेही इजा करतात. म्हणून त्याची जागा सोडियम सायट्रेटच्या स्वच्छ द्रावणाने घेतली. ०.३ मोलर तीव्रतेचे ३० मिलिलिटर द्रावण भुलीच्या थोडे आधी पाजले की काही मिनिटांतच काम करते. ते स्वस्त आहे. मात्र त्याचा परिणाम फार काळ टिकत नाही आणि जठरातील द्रवाचे आकारमान त्याने थोडे वाढते.

दुसरा प्रकार नळ बंद करणाऱ्या औषधांचा. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून सिमेटिडीन हे औषध निघाले आणि १९७६ मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आले. या संशोधनाचा वाटा असलेले नोबेल पारितोषिक त्यांना १९८८ मध्ये मिळाले. १९८१ मध्ये रॅनिटिडीन आले आणि पुढे घरोघरी पोहोचले; त्यानंतर फॅमोटिडीन आणि ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही औषधे आली. ही औषधे नवे आम्ल तयार होऊ देत नाहीत; आधी साचलेल्या आम्लाला मात्र ती हात लावीत नाहीत. म्हणून त्यांना वेळ द्यावा लागतो. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत ती आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी देता येतात. तातडीच्या प्रसंगी शिरेतून दिली तरी परिणाम दिसण्यास पाऊण ते एक तास लागू शकतो. म्हणूनच तातडीच्या सिझेरियनमध्ये दोन्ही औषधांची जोड दिली जाते : सायट्रेट भूल देतानाच्या क्षणासाठी, आणि दुसरे औषध रुग्ण शुद्धीवर येतानाच्या वेळेसाठी. कारण धोका भूल चढताना असतो, तसाच ती उतरतानाही असतो.

रॅनिटिडीनविषयी येथे एक सूचना आवश्यक आहे. त्यात कर्करोगास कारणीभूत होऊ शकणारी अशुद्धी आढळल्यामुळे २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले, आणि २०२२ मध्ये भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळण्यात आले. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या चिठ्ठ्यांत त्याचे नाव आढळते. म्हणून जुन्या चिठ्ठीवर नवे औषध घेऊ नये.

तिसरा प्रकार हौद पुढे रिता करणाऱ्या औषधांचा. मेटोक्लोप्रमाइड हे जठराचे आकुंचन वाढविते, अन्न पुढे ढकलते आणि वरचे स्नायूंचे कडे घट्ट करते. आतड्याला अडथळा असेल तर मात्र ते देऊ नये. कोणते औषध कोणाला द्यावयाचे, हा निर्णय बधिरीकरणतज्ज्ञाचाच असला पाहिजे.

औषधाची मर्यादा

ही औषधे जठररसाची आम्लता कमी करतात, हे निःसंशय आहे. परंतु त्यांमुळे किती जीव वाचले, हे प्रत्यक्ष मोजणे कठीण आहे, कारण हा अपघातच विरळ आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील दोन लाखांहून अधिक भुलींच्या अभ्यासात, १९९३ मध्ये, असे दिसले की सरासरी ३,२१६ भुलींमागे एकदा जठरद्रव श्वासमार्गात गेला. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत हे प्रमाण ३,८८६ मध्ये एक होते, तर तातडीच्या शस्त्रक्रियांत ८९५ मध्ये एक. म्हणजे घाईच्या प्रसंगी धोका चौपटीहून अधिक होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या देशव्यापी पाहणीत, भुलीच्या वेळी श्वासमार्गाच्या अडचणींमुळे झालेल्या मृत्यूंमध्ये हेच कारण सर्वांत वर होते. विरळ, पण घडल्यास प्राणघातक, असे या धोक्याचे स्वरूप आहे.

जठरात २५ मिलिलिटरहून अधिक द्रव आणि त्याचा पीएच २.५ हून कमी, ही धोक्याची रेषा १९७४ पासून पुस्तकांतून सांगितली जाते. ती अगदी मोजक्या प्राणिप्रयोगावर आधारलेली असल्याने आज तिच्याकडे दिशादर्शक म्हणूनच पाहिले जाते. तसेच, धोका नसलेल्या प्रत्येक रुग्णाला ही औषधे सरसकट देण्याची शिफारस अमेरिकेतील बधिरीकरणतज्ज्ञांची संघटना करीत नाही. गरोदर स्त्री, तातडीचा रुग्ण, आतड्याचा अडथळा, जुना मधुमेह, छातीत वारंवार जळजळ, अतिस्थूलता अशा ठिकाणी त्यांचे खरे काम आहे. मधुमेहासाठी वा वजन कमी करण्यासाठी घेतली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी नवी औषधेही जठर उशिरा रिते करतात. ती घेत असल्यास आधीच सांगितले पाहिजे.

औषध हा बधिरीकरणतज्ज्ञाच्या हातातील अनेक उपायांपैकी एक आहे. श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसविणे, शोषण यंत्र हाताशी ठेवणे, शक्य तेथे पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचाच भाग बधिर करणे, हे अन्य उपाय होत. १९६१ मध्ये ब्रायन सेलिक यांनी स्वरयंत्राखालील कूर्चेचे कडे बोटांनी दाबून मागची अन्ननलिका बंद करण्याची युक्ती सांगितली. तिच्या उपयुक्ततेविषयी आज तज्ज्ञांत मतभेद आहेत. या सर्वांहून जुना आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे रिकामे पोट.

उपवास आणि उपाशी

येथे भाषेचा एक घोटाळा होतो. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तेथे उपवास हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. परंतु एकादशीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, शेंगदाण्याचा लाडू चालतो, केळे आणि दूध चालते. "आज माझा उपवास आहे," असे रुग्ण सांगतो तेव्हा तो खरेच बोलत असतो. पण त्याचे पोट रिकामे असतेच असे नाही. तूप आणि शेंगदाणे घातलेली खिचडी तर पचावयास साध्या भाताहून अधिक वेळ घेते. म्हणून "उपवास आहे का?" असे न विचारता "तोंडात शेवटचे काय गेले आणि किती वाजता?" असेच विचारले पाहिजे. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्याला सहेरी किती वाजता झाली, हे विचारावे.

आज सर्वमान्य असलेले नियम लक्षात ठेवण्यास सोपे आहेत. साधे पाणी शस्त्रक्रियेपूर्वी दोन तासांपर्यंत चालते. अंगावरचे दूध बाळाला चार तासांपर्यंत पाजता येते. गाईम्हशीचे दूध आणि हलका आहार यांच्यासाठी सहा तास, आणि तेलकट, तुपकट किंवा मांसाहारी जेवणासाठी आठ तास मोकळे सोडावयाचे असतात. दूध घातलेला चहा हा पाण्यात मोडत नाही, दुधात मोडतो. कारण जठरात गेल्यावर दुधाचे दही होऊन ते घन अन्नासारखे वागते. दुधाने पोटातली आग शमते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पेलाभर दूध घ्यावे, ही समजूत म्हणूनच धोक्याची आहे. सोड्याची पूड किंवा दुकानातून आणलेली आम्लपित्ताची गोळी स्वतःच्या मनाने घेणेही योग्य नव्हे. शस्त्रक्रियेच्या सकाळी मिश्री लावणे, तंबाखू धरणे, पान खाणे व विडी ओढणे टाळावे. "मी काही खाल्ले नाही, नुसती मिश्री लावली," हे उत्तर अनेकींच्या तोंडी असते. तेही डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रुग्णाला अकारण उपाशी ठेवणे ही सुरक्षितता नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वी घन अन्न नको, परंतु दोन तास आधी कपभर चहा हितकर, असे जोसेफ लिस्टर यांनी १८८३ मध्येच सुचविले होते. पुढे सोयीसाठी "रात्री बारानंतर काही नको" हा सरसकट हुकूम रूढ झाला. या हुकुमामुळे दुपारी तीनला शस्त्रक्रिया असलेला म्हातारा वा लहान मूल पंधरा तास पाण्यावाचून राहते. सोलापूरच्या उन्हाळ्यात याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगावयास नको. तहानेने कासावीस झालेले मूल शेजारच्या खाटेवरचे बिस्किट उचलते, आणि आई ते पाहूनही न पाहिल्यासारखे करते. १९८० नंतरच्या संशोधनाने असे दाखविले आहे की दोन-तीन तास आधी प्यालेले पाणी जठरातील द्रव वाढवीत नाही. म्हणून सूचना "काही खाऊ नका" अशी मोघम न देता, घड्याळाचे काटे सांगून दिली पाहिजे : अन्न इतक्या वाजेपर्यंत, पाणी इतक्या वाजेपर्यंत.

घाईच्या प्रसंगी

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत वेळ पाळता येतो. अपघात आणि अडलेली बाळंतीण वेळ विचारून येत नाहीत. सोलापूर हे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जन्मगाव. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये जाऊन १९४२ मध्ये तेथेच देह ठेवलेल्या या शल्यचिकित्सकाचे स्मरण येथे होणे स्वाभाविक आहे. रणभूमीवरचा जखमी उपाशीपोटी येत नसतो. वेदना, भीती आणि अफूवर्गातील वेदनाशामके यांमुळे जठराचे काम जवळजवळ थांबते. सायंकाळी सातला जेवून साडेसातला ट्रॅक्टरखाली सापडलेल्या शेतमजुराचे पोट पहाटे दोनलाही भरलेलेच धरावे लागते. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत शेवटच्या जेवणानंतर किती वेळाने अपघात झाला, ही माहिती सर्वांत मोलाची ठरते.

गरोदर स्त्रीची स्थिती याहून नाजूक असते. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे अन्ननलिकेच्या टोकाचे कडे सैल झालेले असते, वाढलेले गर्भाशय जठराला वर ढकलते, आणि कळा सुरू झाल्या की जठर रिते होण्याचा वेग मंदावतो. एखादी गर्भवती करमाळा तालुक्यातील एखाद्या गावी कळा देत आहे, असे समजा. घरच्यांनी शक्ती यावी म्हणून तिला शिरा आणि दूध दिले. मग बाळाचे ठोके मंदावले, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली आणि तिला पुढे पाठविण्यात आले. पोहोचताच सिझेरियनचा निर्णय झाला. येथे पोट रिकामे होईपर्यंत थांबणे म्हणजे बाळ गमावणे. बधिरीकरणतज्ज्ञ तिला सायट्रेट पाजतो, शिरेतून औषध देतो, शक्य असेल तर पाठीच्या कण्यातून भूल देतो. त्याला एकच गोष्ट कळणे आवश्यक असते : तो शिरा. तो सांगितल्याने शस्त्रक्रिया रद्द होत नाही. फक्त भूल देण्याची तयारी बदलते. हे एक वाक्य जिल्ह्यातील प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचले, तर खरे सांगण्याची भीती आपोआप कमी होईल.

गावपातळीवर काय करता येईल

हे काम औषधाच्या बाटलीइतकेच माणसांच्या सवयीचे आहे, आणि म्हणून ते रुग्णालयाच्या भिंतींबाहेरही करावयाचे आहे. आशा कार्यकर्ती आणि परिचारिका यांनी संदर्भ चिठ्ठीवर औषधांच्या नोंदीबरोबर एक ओळ वाढवावी : शेवटचे अन्न कोणते व किती वाजता, शेवटचे पाणी किती वाजता. या ओळीला खर्च नाही. रुग्णवाहिकेत चढण्यापूर्वी ती भरली गेली, तर रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरापुढे गोंधळलेल्या नातेवाइकाला आठवावे लागत नाही.

ग्रामपंचायत व पंचायत समितीच्या सदस्यांना रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत काही साधे प्रश्न विचारता येतील. ग्रामीण रुग्णालयातील शोषण यंत्र चालू आहे काय? वीज गेल्यास ते चालविण्याची सोय आहे काय? शस्त्रक्रियेचे टेबल डोक्याकडून खाली झुकते काय? सोडियम सायट्रेटचे द्रावण उपलब्ध आहे काय? इमारतीच्या रंगरंगोटीपेक्षा या चार प्रश्नांच्या उत्तरांवर अधिक जीव अवलंबून असतात.

शिक्षकांचा वाटाही मोठा आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतील मुलांची तपासणी होते आणि दुभंगलेल्या ओठापासून हृदयाच्या दोषापर्यंत अनेक विकारांसाठी मुले शस्त्रक्रियेला जातात. ती जाण्यापूर्वी पालकांना वेळेचे नियम समजावून सांगणारा गावातील सर्वांत विश्वासू माणूस बहुधा शिक्षकच असतो. विज्ञानाच्या तासाला पचनसंस्था शिकविताना ठसक्याचे उदाहरण दिले, तर ते मूल घरी जाऊन आजीलाही सांगेल.

रुग्णालयांतील अधिकाऱ्यांनी सूचनाफलक मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही लावावेत, आणि त्यावर घड्याळाचे चित्र काढावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, "खाल्ले" असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या रुग्णावर कोणी खेकसू नये. ज्याला एकदा रागावले जाते, तो पुढच्या वेळी खोटे सांगतो. शस्त्रक्रिया पुढे ढकलावीच लागली, तर ती काही तासांनी त्याच दिवशी कशी करता येईल, याचा विचार व्हावा. कारण हातमागावर वा शेतावर राबणाऱ्या कुटुंबाला एका दिवसाची किंमत ठाऊक असते, आणि ती चुकविण्यासाठीच ते गप्प बसते.

मराठीत भूल या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक भूल रुग्णाची वेदना हरण करते. दुसरी म्हणजे चूक. पहिली तज्ज्ञाच्या हाती असते. दुसरी टाळणे पुष्कळ अंशी रुग्ण, त्याचे आप्त आणि त्याला रुग्णालयापर्यंत आणणारा समाज यांच्या हाती असते. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. विचारणाऱ्याने शांतपणे विचारावे, आणि सांगणाऱ्याने अर्धी भाकरी सुद्धा न लपविता सांगावी.